नाताळ सरल्यावर काय करायचं

चांदणी 26 तारखेला उतरवू नकोस, पोरी. 25 ला जेवणं झाली, पाहुणे गेले, करंज्यांचे डबे रिकामे झाले की लोकांना वाटतं सण संपला. जुन्या चालीनं नाताळ बारा दिवसांचा. 6 जानेवारीला पूर्वेकडचे मागी लोक बाळाच्या भेटीला आले त्याची आठवण करायची, मग तो पुरा होतो. मधे 28 डिसेंबर येतो. हेरोदानं बेथलेहेमातली तान्ही मुलं मारली, त्यांच्या स्मरणाचा हा दिवस. आपल्या मंडळीत तो पाळत नाहीत, कॅरलवाले तर त्याचं नावही काढत नाहीत. तू मात्र लक्षात ठेव. योसेफ आणि मरिया बाळाला उचलून रातोरात मिसरला पळाले. आपण पुठ्ठ्याची गव्हाणी करतो, वर दिव्यांची माळ सोडतो, आणि ते कुटुंब बिऱ्हाड पाठीवर घेऊन पळालं होतं हे विसरून जातो.

तू राहुरीत नांदतेस, तेव्हा असं बिऱ्हाड बघायला तुला लांब जायला नको. नेमक्या त्याच दिवसांत उसाचा हंगाम भरात असतो. बीडकडून, पाथर्डीकडून टोळ्या आलेल्या असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर, ती फिटेपर्यंत बसून राहायची सोय नाही. आई अंधारातच फडात जाते, तान्हं मूल बांधावर झोळीत. तिथं जा. केक घेऊन जाऊ नकोस आणि फोटो तर अजिबात काढू नकोस; एकदा फोटो काढलास की ती बाई पुन्हा तुझ्याशी मोकळं बोलायची नाही. पहिल्या खेपेला कोपीपुढं नुसती बस. बाळ किती महिन्यांचं, लस कुठली राहिली, पाणी कुठून आणता, एवढं विचार. आरोग्य केंद्रात लसीचा वार ठरलेला असतो. आदल्या रात्री मुकादमाशी बोलून आईला दोन तास मोकळं करून घ्यायचं आणि आपण बरोबर जायचं. ब्लँकेटं वाटण्यापेक्षा हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून तर ते कोणी करत नाही. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत जात राहा. पुढच्या हंगामात तीच टोळी आली तर तुला नावानं हाक मारतील.

दुसरं, देण्याचा महिना बदल. डिसेंबरात कुठल्याही बालकाश्रमात जा, बिस्किटांच्या पुड्यांना जागा पुरत नाही. मुलं एकाच दिवशी तीन-तीन केक खातात आणि रात्री पोट धरून बसतात. जूनमध्ये त्याच मुलांना वह्या, दप्तर, रेनकोट, शाळेचे बूट लागतात, तेव्हा फाटकाशी कोणी नसतं. नाताळाचं दान बाजूला काढून ठेव आणि जूनला दे. देण्याआधी तिथल्या बाईंना फोन करून काय हवं ते विचार, आणि त्यांनी गॅसचं बिल सांगितलं तर गॅसचं बिल भर. नाक मुरडू नकोस. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली केडगावला आणल्या, त्यांना नुसतं जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. मुलींच्या हाताला काम शिकवलं. आश्रमातल्या एखाद्या मुलीच्या नर्सिंगच्या फीचा एक हप्ता तू उचललास तर तिथल्या भिंतीवर तुझं नाव लागणार नाही. तेच बरं.

मूठ तुला ठाऊक आहे. ती माझ्या सासूबाईंकडून आली. रोज रात्री स्वयंपाकाला तांदूळ घेतले की त्यातलीच एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. 1972 च्या दुष्काळात घरात रेशनची मिलो ज्वारी होती, तेव्हाही त्यांची मूठ चुकली नाही, फक्त लहान झाली. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन बायका हेच करतात, 1910 च्या सुमारापासून. ते लोक त्याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. असल्या मुठीमुठीच्या तांदळावर तिथल्या मंडळीचं केवढं तरी काम उभं राहिलं आहे. तू पगारातून मोबाइलवर पैसे पाठवतेस, पाठव, दशमांश चुकवू नकोस. पण ते पैसे कधी कापले गेले ते तुझं तुला कळतही नाही. मूठ रोज काढावी लागते, आणि काढताना कोणाची तरी आठवण होतेच. डबा घट्ट झाकणाचा घे, आत कडुलिंबाचा पाला टाक, आणि महिना संपला की तांदूळ घराबाहेर गेलाच पाहिजे. साठवून ठेवलास तर किडे तुझ्याआधी हिशेब करतील.

वाचनाचं थोडक्यात सांगते. 1 जानेवारीला उत्पत्तीपासून धडाक्यात सुरुवात करणारे फेब्रुवारीत लेवीयात अडकतात, हे मी आयुष्यभर बघत आले. 1189 अध्याय आहेत, रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात होतात. पण तू नव्यानं सुरू करते आहेस, तर मार्कापासून कर, सोळाच अध्याय आहेत. नीतिसूत्रांचे अध्याय 31, म्हणजे तारखेप्रमाणे रोज एक. रात्री जेवणं झाल्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं एखादं पद आणि दहा ओळी वाचन, एवढं पुरे. नवऱ्याला झोप येत असेल तर लांबवू नकोस. लांबलेल्या प्रार्थनेनं घरात भक्तीपेक्षा वैतागच वाढतो.

लेंटमध्ये मटण सोडून पापलेट आणणं याला मी उपवास म्हणत नाही. जे सोडलं त्याचे पैसे मुठीच्या डब्याशेजारी पडले, तर सोडलं म्हणायचं.

घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचा पगार 1 तारखेला तिच्या हातात पडला पाहिजे. 1 ला रविवार आला तर शनिवारी दे. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी असं मोशेच्या नियमशास्त्रात आहे, आणि अडवलेल्या मजुरीबद्दल याकोबाच्या पत्रात किती कडक लिहिलंय ते पाचव्या अध्यायात बघ. तिचे दोन दिवसांचे खाडे कापणारी माणसं रविवारी पुढच्या बाकावर बसून मोठ्यानं गातात. मला त्यांचा आवाज ओळखू येतो.

प्रभुभोजनाचा रविवार यायच्या आदल्या आठवड्यात एक काम ठेव. कोणाशी बोलणं बंद आहे ते आठव आणि जा. वेदीपाशी आणलेलं अर्पण तिथंच ठेवून आधी भावाशी समेट करायला प्रभूनं सांगितलं आहे. सोपं नाही. समोरचा दार लावून घेईल, चहा विचारणार नाही. आपण सलाम करून परत यायचं, आपलं काम झालं. मंडळीतल्या राजकारणाबद्दल मी जास्त बोलत नाही. जागेच्या भांडणांनी, निवडणुकांनी आपल्या लोकांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या आहेत. तुला कोणी गटात ओढलं तर विचार की या गटानं गेल्या वर्षी किती आजाऱ्यांच्या घरी पाय ठेवला. बहुतेक पुढचं बोलणं होत नाही.

आणि आता जे आपल्याकडं दबक्या आवाजात विचारतात, ते मी उघड सांगते. सोयरीक जमवताना ‘पूर्वीचे कोण’ हा प्रश्न तुझ्या तोंडून निघता कामा नये. नाताळच्या रात्री सगळे एका प्याल्यातून पितात आणि मे महिन्यात लग्नं ठरवताना महार कोण, मांग कोण, ब्राह्मणाकडून कोण आलं याची चौकशी करतात. राहुरीतच टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई राहत होते. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. लक्ष्मीबाईंना त्यानंतर काही वर्षं लागली. मनातलं सोवळं किती हळूहळू, किती कष्टानं सुटलं ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त काही न लपवता लिहिलं आहे. त्या पुस्तकाचं कौतुक आपल्याकडं सगळे करतात, पण त्यातलं हे घरात कोणी आणत नाही. तुझ्या दिराचं लग्न ठरेल तेव्हा बैठकीत हा प्रश्न येणार, बहुधा एखाद्या प्रेमळ मावशीच्या तोंडून. तू नवी सून, तरी म्हण, ‘आपण हे नको विचारूया, मावशी.’ आवाज चढवू नकोस. पुन्हा विचारलं तर पुन्हा म्हण. चार लोक तुझ्यावर नाराज होतील, त्यातल्या दोघांना मनातून बरंच वाटलेलं असेल.

शेजाऱ्यांचा दिवाळीचा फराळ निःशंक खा, त्यांनी आपल्या करंज्या वर्षानुवर्षं खाल्ल्या आहेत. प्रसादाचं मला सगळे विचारतात. पौलापुढं हाच प्रश्न करिंथच्या लोकांनी ठेवला होता. पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय नवऱ्याबरोबर बसून वाच आणि दोघं मिळून ठरवा. काहीही ठरवा, देणाऱ्याचा हात झिडकारायचा नाही. हरेगावच्या मतमाउलीला सप्टेंबरात नवस फेडायला कितीतरी हिंदू घरं येतात, तिथं आपण कोणाला दार दाखवत नाही ना? आणि शेजाऱ्याकडं नुसतं फराळाचं ताट घेऊन जाऊ नकोस. टँकर येतो तेव्हा त्यांच्या म्हातारीचा हंडा भरून दे.

माती असली की मंडळी धावून येते. पहिल्या दिवशी चहा, भाकरी, पिठलं इतकं येतं की वाया जातं. तू पहिल्या दिवशी फक्त जाऊन बस. महिन्यानं जा, डबा घेऊन, संध्याकाळी दिवेलागणीला, कारण तीच वेळ त्या घरात सरत नाही. गेलेल्या माणसाचं नाव तू स्वतः काढ. घरच्यांना वाटत असतं की आता लोक ऐकून कंटाळले. बाई विधवा झाली असेल तर बँकेचे, पेन्शनचे, रेशनकार्डाचे कागद विचार आणि तिच्याबरोबर तहसीलला जाऊन रांगेत उभी राहा. जाताना मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ने, दर खिडकीवर एक मागतात.