तबकडीवरील जागा आणि निवडीचा प्रश्न

संगणक विकत घेतला म्हणजे काम भागत नाही. त्यास चालविणारी एक मूलभूत कार्यप्रणाली लागते आणि पत्र लिहिणे, छायाचित्रे पाहणे, संगीत ऐकणे अशा एकेका कामासाठी तिच्या जोडीला निरनिराळ्या आज्ञावली लागतात. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या जगात एकाच कामासाठी चार-पाच आज्ञावली उपलब्ध असणे नित्याचेच आहे. मग त्यांपैकी कोणती आधीच बसवून द्यावयाची? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी तो तसा नाही. बहुतेक लोक जे हाती येते तेच वापरतात. म्हणून ही निवड पुष्कळदा त्यांच्या वतीने झालेली असते.

उदाहरणादाखल उबुंटू या प्रणालीचा विचार करू. डेबियन या १९९३ पासूनच्या प्रकल्पावर आधारलेली तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये निघाली. सर्व काही एका सीडीवर, म्हणजे सुमारे ७०० मेगाबाइटांत मावले पाहिजे आणि एका कामास एकच आज्ञावली द्यावी, असा तिच्या कर्त्यांचा दंडक होता. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट नव्हते, त्यांना या तबकड्या २०११ पर्यंत टपालाने विनामूल्य पाठविल्या जात. अशा वाचकाच्या दृष्टीने तबकडीवर नसलेली आज्ञावली जवळजवळ नसल्यासारखीच होती.

जागा मर्यादित असल्यामुळे काहीतरी वगळणे ओघानेच आले. एप्रिल २०१० च्या आवृत्तीतून गिम्प ही चित्रसंस्करणाची समर्थ आज्ञावली काढण्यात आली. ती सामान्य माणसास अवघड वाटते, जागाही बरीच व्यापते, आणि छायाचित्रांतील किरकोळ दुरुस्त्या दुसऱ्या आज्ञावलीने होऊ शकतात, अशी कारणे त्यामागे होती. २०११ मध्ये संगीतासाठी रिदमबॉक्सच्या जागी बॅन्शी आली आणि एका वर्षातच रिदमबॉक्स परतली. बॅन्शी मोनो नामक यंत्रणेवर अवलंबून होती. ती व तिच्यासारख्या इतर आज्ञावली वगळताच मोनोने व्यापलेली जागाही मोकळी झाली.

येथे पैशाचाही संबंध येतो. बॅन्शीतून होणाऱ्या संगीतविक्रीच्या दलालीची सारी रक्कम तिचे कर्ते नोम फाउंडेशन या संस्थेस देत असत. उबुंटूची पालक कंपनी कॅनॉनिकल हिने २०११ मध्ये त्यातील ७५ टक्के वाटा स्वतःकडे घेण्याचे ठरविले आणि त्यावरून मोठा वाद झाला. आधीच बसवून देण्याच्या निर्णयास आर्थिक मोल असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

सारांश, निवड करताना पुढील गोष्टी तपासाव्या लागतात: त्या कामाची गरज किती जणांस आहे, परवाना मुक्त आहे काय, आज्ञावलीची देखभाल पुढील अनेक वर्षे होत राहील काय, आणि वापरणाऱ्याच्या भाषेत व लिपीत ती चालते काय. देवनागरी टंक आधीपासून नसेल, तर मराठी वाचकास पडद्यावर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतील.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सीडीचे बंधन सुटले. तथापि प्रश्न सुटला नाही. २०१८ मध्ये मोजक्याच आज्ञावलींची मांडणी ऐच्छिक म्हणून देण्यात आली आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तीच मूळ मांडणी ठरली. बाकीचे ज्याने त्याने भांडारातून घ्यावे, अशी ही योजना आहे. परंतु भांडारात काय आहे हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्यासाठी निवड अजूनही दुसरेच कोणी करीत असते.