हीट पंपावर बर्फ दिसला तर

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स या भागात घर घेतलं की अनेकांच्या वाट्याला हीट पंप येतो. पुण्या-नाशकाहून आलेल्या माणसाला घराबाहेरचं ते खोकं एसीचंच वाटतं, आणि उन्हाळ्यात ते तसं असतंही. गोंधळ सुरू होतो डिसेंबरात. सकाळी पडदा सरकवावा तर खोक्याच्या जाळीवर पांढरा थर, पंखा बंद आणि वरून भसाभस वाफ. लेकीकडे राहायला आलेल्या एका आजींनी ती वाफ पाहून ‘मशीन पेटलं गं!’ म्हणत घर डोक्यावर घेतलं होतं. पेटलं काहीच नव्हतं. हे टिपण इथे मुरलेल्या कुटुंबांना विचारून जमवलंय, आणि त्यातली निम्मी माहिती ‘घाबरू नका’ याच सदरात मोडते.

हिवाळ्यात हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. त्यासाठी बाहेरची कॉईल त्या हवेपेक्षाही थंड राहावी लागते. हवा ३-४ अंश सेल्सिअसला असली तरी कॉईल शून्याखाली जाते आणि हवेतली ओल तिच्यावर गोठते. म्हणून नॉर्थ कॅरोलायनाचा दमट, शून्याच्या आसपास घुटमळणारा हिवाळा कोरड्या कडाक्यापेक्षा या यंत्राला जास्त जाचतो. मिनेसोटातल्या मित्राचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

थर वाढला की यंत्र आपणहून डिफ्रॉस्टमध्ये जातं, म्हणजे काही मिनिटं चक्क एसी होऊन बाहेरची कॉईल तापवतं. पहिल्याच हिवाळ्यात हा प्रकार एकदा बाहेर उभं राहून पूर्ण बघा आणि फोनवर व्हिडिओ घेऊन ठेवा. आधी पंखा थांबतो. मग कुकरची वाफ सोडल्यासारखा ‘फुस्स’ आवाज येतो, तो उलट्या दिशेला वळणाऱ्या झडपेचा. कॉम्प्रेसर चालूच असतो. पांढऱ्या पात्या वरून-खालून ठिपक्याठिपक्यांनी काळसर होत जातात, तळातून पाणी ठिबकतं, वाफ निघते. पुन्हा ‘फुस्स’, पंखा सुरू, आणि उरलेली वाफ एका झोतात वर जाते. सगळा खेळ फार तर १० मिनिटांचा. त्या वेळात घरातली हवा गार पडू नये म्हणून आतले विजेचे हिटर चालू होतात आणि थर्मोस्टॅटवर तसं दिसतंही.

हे कधी करायचं ते दोन पद्धतींनी ठरतं. जुन्या किंवा साध्या यंत्रात बोर्डावर ३०, ६०, ९० अशा आकड्यांच्या पिना असतात. कॉईलच्या तांब्याच्या नळीला चिमट्याने लावलेला सेन्सर गोठणबिंदूच्या आसपास ‘थंड आहे’ म्हणतो, तेव्हापासून कॉम्प्रेसर चालल्याची तेवढी मिनिटं भरली की डिफ्रॉस्ट. बर्फ असो वा नसो. नव्या यंत्रात कॉईल आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातला फरक बघून निर्णय होतो. तेव्हा कोरड्या दिवशी, बर्फ नसताना डिफ्रॉस्ट झाला तर जुन्या पद्धतीत तो बिघाड नाही. दर अर्ध्या तासाने होत असेल तर पीन ३० वर आहे का, एवढं तंत्रज्ञाला विचारा.

आता खरे बिघाड. पातळ थर येतो-जातो तो सोडून द्या. संपूर्ण कॉईल जाड बर्फात गेली आणि दोन-तीन तासांतही सुटली नाही तर डिफ्रॉस्ट सुरूच होत नाहीये किंवा अर्धवट राहतोय. इथे बहुतेक जण ‘बोर्ड गेला’ ऐकतात आणि पैसे मोजतात. आमचं मत स्पष्ट आहे: आधी सेन्सर तपासायला सांगा. चिमटा सैल झाला की तो नळीऐवजी हवेचं तापमान मोजतो आणि बोर्ड बिचारा वाट बघत बसतो. मीटर लावून सेन्सर तपासायला वेळ लागत नाही, आणि तो बोर्डापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. डिफ्रॉस्ट चालू असताना पंखाही फिरत असेल तर बोर्डावरचा रिले चिकटलाय. गार हवा कॉईलवरून जात राहते आणि बर्फ वितळत नाही. डिफ्रॉस्टनंतर पंखा उठलाच नाही तर रिले किंवा मोटर. बर्फ फक्त खालच्या भागात साचत असेल तर गॅस कमी असू शकतो. पण त्याआधी वर-खाली बघा, छपराच्या पन्हाळीचं पाणी खोक्यावर ठिबकतंय का, तळाशी ओकची पानं अडकलीत का.

डिफ्रॉस्टच्या वेळी घरात बोचरी गार हवा येत असेल तर आतले हिटर लागत नाहीयेत. त्यांचा ब्रेकर बहुधा वेगळा असतो, तो पडलाय का बघा. नुकताच स्वतःच्या हाताने स्मार्ट थर्मोस्टॅट लावला असेल तर संशय तिथेच घ्या. बहुतेक कंपन्यांची झडप गारव्यासाठी वीज मागते, रीम आणि रूडची उबेसाठी. थर्मोस्टॅटमधली ही सेटिंग चुकली की हीट लावल्यावर पंप घर थंड करू लागतो.

बर्फ सुरी-पेचकसाने खरवडू नका, मीठ टाकू नका, उकळतं पाणी तर नकोच. थर्मोस्टॅटवर पंप बंद करून बागेच्या नळीचं साधं पाणी सोडलं की थर सुटतो. मात्र हवा शून्याखाली असताना हा उपाय करू नका. खोक्याचं झाकण उघडू नका. आत २४० व्होल्ट आहेत आणि वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो. गॅसला हात लावायला तर अमेरिकेत ईपीएचं प्रमाणपत्र लागतं. भाड्याच्या घरात असाल तर बिघाडाचा व्हिडिओ घ्या, वेळा लिहा आणि दोन्ही घरमालकाला पाठवा. ‘हीटर नीट चालत नाही’ एवढ्यावर कोणी धावत येत नाही.

थर्मोस्टॅटवरचं ‘इमर्जन्सी हीट’ (पंप बंद, फक्त आतले विजेचे हिटर) दाबून महिनाभर ढकलणारेही आहेत. १० किलोवॉटचे हिटर तासभर चालले की १० युनिट वीज जाते. तेवढीच ऊब पंप शून्याच्या आसपासच्या हवेत साधारण ४ युनिटांत देतो. बिल आल्यावर मग थर्मोस्टॅट रात्री उतरवून सकाळी एकदम चढवायचा मोह होतो. त्यानेही तेच हिटर पेटतात. एका आकड्यावर ठेवा आणि स्वेटर घाला.

ते बटण ठेवलंय ते तंत्रज्ञ येईपर्यंतच्या एक-दोन रात्रींसाठी, आणि डिसेंबर २००२ मध्ये इथे आलं होतं तशा बर्फाळ वादळानंतर. बराच काळ वीज गेलेली असेल तर परत आल्यावर पंप लगेच चालवू नका. कॉम्प्रेसरचं तेल गरम व्हायला काही तास लागतात. किती, ते यंत्राच्या पुस्तिकेत असतं. तोवर खुशाल इमर्जन्सी हीटवर राहा.