टीव्ही दादीच्या खोलीत

मुलांनो, तुमच्या घरात टीव्ही कोणत्या खोलीत आहे? बहुतेक घरांत तो बैठकीत असतो. छतावर छत्री असते. तिची काळी तार खिडकीतून आत येते आणि बैठकीच्या भिंतीवरच्या पॉइंटपाशी संपते. पॉइंट जिथे, तिथे टीव्ही. आणि टीव्ही जिथे, तिथे माणसे. पण घरातल्या एखाद्या माणसाला तिथवर जाताच येत नसेल तर?

आमच्या सुलतानपूरच्या घरी असेच झाले. पावसाळ्यात माझी दादी न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. मग आतल्या खोलीत खाटेवर पडून राहणे आले. दादी संध्याकाळच्या बातम्या कधी चुकवत नसे. पाऊस कुठे पडला, सोयाबीनला काय भाव मिळाला, हे तिला सर्वांच्या आधी ठाऊक असायचे. आता आम्ही सगळे बैठकीत आणि ती एकटी आत. आम्ही हसलो की ती आतून विचारायची, "काय झाले रे?" कोणीतरी उठून सांगायला जाई. पुढे पुढे तिने विचारणेच सोडून दिले.

तेव्हा माझा धाकटा भाऊ म्हणाला, "टीव्ही आत नेऊ. तारच तर वाढवायची आहे!"

त्याने बैठकीतल्या तारेला दुसरी तार जोडली. दोन्ही टोके सोलली, तांबे तांब्याला पिळले, वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. टीव्ही लावला. पडद्यावर अक्षरे आली, 'सिग्नल नाही'. भाऊ म्हणाला, "छत्री हलली असेल." तो वर गेला आणि त्याने छत्री फिरवली. इथे खरी चूक झाली. तोवर एकच बिघाड होता, आता दोन झाले.

छत्री का फिरवू नये? आमच्या घरी दूरदर्शनची फ्री डिश आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. उपग्रह म्हणजे तुमच्या उर्दूतला मसनूई सय्यारा. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना येथून सोडला गेला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीबरोबर फिरतो. त्यामुळे आपल्याला तो आकाशात एकाच जागी असतो. सुलतानपुरातून पाहिले तर ती जागा आग्नेयेला, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मध्ये, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर आहे. छत्रीला नेमकी तीच जागा दिसली पाहिजे. साधारण ६० सेंटिमीटर रुंदीच्या छत्रीची कड दीड सेंटिमीटर हलली, तरी तिची नजर तीन अंशांनी चुकते आणि चित्र जाते. टीव्ही खोलीतून खोलीत गेला म्हणून उपग्रह काही जागा बदलत नाही! मग छत्रीला हात कशाला लावायचा?

दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळच्या दुकानातून मिस्त्री आले. त्यांनी छत्रीकडे पाहिलेही नाही. आधी चिकटपट्टी सोडली आणि मला बोलावून म्हणाले, "गुरुजी, हे बघा." जाळीचा केसाएवढा एक धागा मधल्या तांब्याला टेकलेला होता.

ही तार साधी नसते. ('तार' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहेच.) तिच्या मधोमध तांब्याचा मुलामा दिलेली एक कडक तार असते. तिच्याभोवती पांढरा फेसासारखा थर, त्यावर चकचकीत पन्नी, मग धातूची बारीक जाळी आणि सर्वांत वर काळे आवरण. मधली तार आणि जाळी यांची भेट कधीही होता कामा नये. कारण या तारेतून फक्त चित्र खाली येत नाही, वीज वरही जाते. छत्रीसमोरच्या दांड्यावर एक डबी असते. तिला एलएनबी म्हणतात. टीव्हीजवळचा बॉक्स याच तारेतून तिला १३ किंवा १८ व्होल्ट वीज पुरवतो. धागा टेकला की डबी बंद पडते, कधी बॉक्सही जळतो. म्हणून तार सोडण्याआधी बॉक्सचा प्लग काढावा. भावाने तो काढला नव्हता. बॉक्स वाचला, हे आमचे नशीब.

मिस्त्रींनी जोड काढूनच टाकला. ते म्हणाले, "जोड जितके कमी, तितके दुखणे कमी." डबीपासून आतल्या खोलीपर्यंत त्यांनी १६ मीटरची नवी सलग तार ओढली. एवढ्या अंतरातही सिग्नलची निम्मी ताकद तारेतच खर्च होते. डबी सिग्नल पुष्कळ वाढवून देते, म्हणून भागते. पण वाईट जोडाची नासाडी त्यात आणखी कशाला?

भिंतीला भोक पाडताना त्यांनी ड्रिल बाहेरच्या बाजूला किंचित उतरते धरले. भोकाबाहेर तारेला खाली एक झोळ दिला. पावसाचे पाणी तारेवरून ओघळते, झोळापाशी थेंब होऊन गळते आणि भिंतीत शिरत नाही. विजेच्या तारांच्या पाइपातून ही तार नेली नाही. वळणावर ती काटकोनात मोडली नाही, गोल वळवली. टोकाला पेचाची पिन बसवताना जाळी मागे दुमडली आणि मधले तांबे पिनेच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवले. मग गच्चीवर जाऊन भावाने फिरवलेली छत्री पुन्हा जागेवर आणली. सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला. मजुरीही त्याचीच जास्त झाली.

माझे वडील हे सारे पाहत होते. ते म्हणाले, "आमच्या वेळी टीव्हीसाठी माणसे चालत जायची." त्यांचे खरे आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष भारतातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० गावांत अमेरिकेच्या उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले गेले. त्यासाठी तीन मीटर रुंदीच्या, जाळीच्या छत्र्या लावल्या होत्या. आपला महाराष्ट्र त्यात नव्हता. एका गावाला एक टीव्ही, आणि सारा गाव त्याच्यासमोर जमिनीवर बसलेला.

त्या संध्याकाळी आमच्या घरीही तसेच झाले. दादी खाटेवर, आम्ही सगळे खाली सतरंजीवर. बातम्या लागल्या. लोणारला पाऊस झाल्याचे ऐकून दादी म्हणाली, "आवाज थोडा कमी करा, मी बहिरी नाही."

आता ती वॉकर धरून दारापर्यंत येते. "मी चालायला लागले की टीव्ही परत बाहेर न्या," असे तिने बजावून ठेवले आहे. म्हणून बैठकीतली जुनी तार आम्ही काढलेली नाही. तिच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या घालून ठेवल्या आहेत.