बाइटचा क्रम फाइलने ठरवावा

प्रश्न : सी भाषेतल्या माझ्या प्रोग्रामने लॅपटॉपवर लिहिलेली बायनरी फाइल आयबीएमच्या मेनफ्रेमवर वाचली, तर १००० च्या जागी ३,८९,२५,१०,७२० आले. फाइल खराब झाली का?

उत्तर : फाइल ठणठणीत आहे. ३२ बिटांत १००० म्हणजे चार बाइट : ०, ०, ३, २३२ (३ गुणिले २५६, अधिक २३२). तुमचा लॅपटॉप लहान टोकाकडून लिहितो, म्हणून फाइलमध्ये २३२, ३, ०, ० असं उतरलं. मेनफ्रेमने पहिला बाइट सर्वांत मोठ्या स्थानाचा मानला आणि २३२ ची किंमत कोट्यवधींत गेली.

अनेक जण अशा वेळी ‘यंत्र कोणतं आहे’ हे तपासून बाइट उलटवतात. ते करू नका. फाइलचा क्रम एकदाच ठरवा आणि लिहून ठेवा. पीएनजी चित्रांत मोठं टोक आधी असतं, नेहमीच्या डब्ल्यूएव्ही ध्वनिफायलींत लहान; दोन्ही सगळीकडे चालतात.

मोठं टोक आधी ठेवायचं असेल, तर संख्या अनुक्रमे २४, १६, ८ आणि ० बिट उजवीकडे सरकवा आणि दर वेळी शेवटचे आठ बिट लिहा. सरकवण्याची क्रिया किमतीवर चालते, मेमरीतल्या मांडणीवर नाही. म्हणून हाच कोड दोन्ही यंत्रांवर तेच बाइट देतो. वाचताना प्रत्येक बाइट आधी ३२ बिटांच्या चिन्हविरहित प्रकारात घ्या, मगच डावीकडे सरकवा.

आणि कृपा करून अख्खं स्ट्रक्चर एफराइटने फाइलमध्ये ओतू नका. कंपायलर मधे रिकामे बाइट घालतो, ‘लाँग’ची लांबीही यंत्रागणिक बदलते.