स्ट्रेचर कोण उचलणार?

दिव्यांग मुलांच्या पालकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बसून करायचं काहीतरी सुचवा." बँक, स्पर्धा परीक्षा, संगणक, फार तर पॅथॉलॉजी लॅब. या यादीत रुग्णवाहिका कधीच नसते. त्यात बारावी सायन्स झालेल्या पोरीनं आपणहून "मला इमर्जन्सीत काम करायचंय" असं म्हटलं, की आईच्या पोटात गोळा येतो आणि संध्याकाळपर्यंत आत्या-मामांचे फोन सुरू होतात. एवढं धावपळीचं काम, हिच्या पायात कॅलिपर, कसं निभायचं?

काळजी खोटी नाही, पण प्रश्न मोघम आहे. आपत्कालीन वैद्यकीय सेवेत दहा-बारा प्रकारची कामं असतात. काही जमिनीवर गुडघे टेकून करायची, काही धावत्या गाडीत एका हातानं दांडी धरून, काही रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, तर काही कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसून. "जमेल का?" हे प्रत्येक कामापुढे वेगळं विचारावं लागतं.

आणि हा प्रश्न विचारताना प्रमाणपत्रावरची टक्केवारी थोडी बाजूला ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार आरक्षणासाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. त्या कामासाठी तो आकडा ठीक आहे. मात्र पोलिओमुळे एक पाय बारीक झालेला, कागदावर 50 टक्के असलेला मुलगा छातीवर उत्तम दाब देऊ शकतो, आणि अंगठ्याची पकड गेलेल्या, जेमतेम 15 टक्केवाल्याला सलाईनची सुई लावणं अवघड जाऊ शकतं.

आधी सगळ्यात अवघड कामाचं बोलून टाकू. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली: 233 प्रगत जीवरक्षक, 704 प्राथमिक. इतर बऱ्याच राज्यांत गाडीवर तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे डॉक्टर, आणि त्यांतले पुष्कळसे बीएएमएस झालेले. सोबत चालक, त्याला या सेवेत 'पायलट' म्हणतात. म्हणजे गाडीवर माणसं दोनच. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर हार्ट अटॅकचा रुग्ण आहे, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळत नाही. अशा वेळी डॉक्टरसाहेबांनाही खुर्चीचे दोन पाय धरून उतरावं लागतं. शेजारीपाजारी मदतीला येतात, पण येतीलच या भरवशावर नोकरी करता येत नाही. अमेरिकेत इमर्जन्सी टेक्निशियनच्या कामाचं जे वर्णन वर्षानुवर्षं वापरात आहे, त्यात एकट्यानं 125 पौंड, म्हणजे जवळपास 57 किलो, आणि जोडीदारासह 250 पौंड वजन उचलून तोलता यावं, असं लिहिलेलं आहे.

पाठीचा कणा, खांदा किंवा दोन्ही पाय यांत मोठी अडचण असेल, तर दोन माणसांच्या गाडीवरचं काम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जिद्दीच्या गोष्टी टाळ्या मिळवतात, पण जिन्यात तोल गेला तर खाली रुग्णही पडतो. गुडघ्याखाली कृत्रिम पाय असलेल्यांची गोष्ट वेगळी. चांगला बसणारा पाय आणि सराव असेल तर यातले काही जण जिना आणि वजन दोन्ही सांभाळतात. त्यांचा खरा त्रास ऐन मे महिन्यात, बारा तासांच्या ड्युटीत समजतो. सॉकेटमध्ये घाम साचतो, कातडी सोलवटते, आणि पाय काढून पुसायला पाच मिनिटं आणि आडोसा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यावी लागते. नोकरी स्वीकारण्याआधी याबद्दल स्पष्ट विचारलेलं बरं.

आता प्रशिक्षणाकडे वळू. लोकांना वाटतं की इथे सगळा जोर लागतो. प्रत्यक्षात बरंचसं कसब लागतं. छातीवर दाब द्यायचा तो मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाला किमान पाच सेंटिमीटर खोल, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. पुतळ्यावर शिकवताना सगळ्यांना फरशीवर गुडघे टेकायला लावतात. ज्याचा गुडघा वाकत नाही तो तिथेच खचतो. पुतळा खाटेवर घेतला आणि मुलाला बुटक्या स्टुलावर उभं केलं, तर तोच मुलगा खांदे हातांच्या बरोबर वर आणून व्यवस्थित दाब देतो. रुग्णालयात रुग्ण खाटेवरच असतो, त्यामुळे ही सवलत दिल्यानं काम काही खोटं ठरत नाही. मात्र रस्त्यावरच्या अपघातात खाट नसते, हेही प्रशिक्षकानं त्याला सांगायला हवं.

हाताचा हिशेब आणखी बारीक आहे. श्वासनलिकेत नळी घालताना वापरतात तो लॅरिंगोस्कोप डाव्या हातातच धरायचा, अशी त्याच्या पात्याची घडण असते. म्हणून उजवा हात अधू असलेल्यापेक्षा डावा अधू असलेल्याला इथे जास्त अडतं. कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोप आला तरी हात तोच राहिला. पण घशात वरच्या वर बसवायचा आय-जेलसारखा श्वासमार्ग सोपा असतो, आणि अनेक प्रसंगी तेवढ्यावर भागतं. अ‍ॅम्प्युल एका हातानं फोडता येत नसेल तर त्यासाठी ओपनर मिळतो. फुगा-मास्कनं श्वास देताना एक हात मास्क चेहऱ्यावर घट्ट धरायला लागतो आणि दुसरा फुगा दाबायला. एकच हात चालत असेल तर जोडीदार हवाच. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आवाज वाढवणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप आहेत. फी भरण्याआधी अशी एकेका कामाची यादी काढून पुतळ्यापुढे बसा. मान्यताप्राप्त संस्थांचे जीवरक्षक प्राथमिक अभ्यासक्रम एखाद्या दिवसात होतात. चार वर्षांचा निर्णय घेण्याआधी तो एक दिवस खर्च करायला काय हरकत आहे?

डॉक्टर होऊन या क्षेत्रात यायचं असेल, तर गेल्या दोनेक वर्षांत बरंच बदललंय. 2019 च्या नियमांत एमबीबीएससाठी दोन्ही हात शाबूत, त्यांत संवेदना आणि पुरेशी ताकद असली पाहिजे, अशी अट होती. ऑक्टोबर 2024 मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ 40 टक्क्यांवर अपंगत्व आहे म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. हा उमेदवार अभ्यासक्रम पुरा करू शकतो की नाही, हे अपंगत्व तपासणी मंडळानं तपासायचं आणि नाही म्हटलं तर कारण लिहायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयानं 'दोन्ही हात शाबूत' ही अटच भेदभावाची ठरवली. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत दिव्यांगांसाठी 5 टक्के जागा राखीव असतात. तपासणी मात्र ठरवून दिलेल्या केंद्रांवरच होते. मुंबईत भायखळ्याचं जे. जे. आणि हाजी अलीची पुनर्वसन संस्था ही त्यातली जुनी नावं. केंद्रांची यादी आणि नियम त्या त्या वर्षीचे बघा, शेजारच्या दादाच्या वेळचे नकोत. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड दहावीतच काढून ठेवा. नीटच्या निकालानंतर त्यासाठी धावणाऱ्या पालकांची दमछाक होते.

एमबीबीएसनंतर इमर्जन्सी मेडिसिनमध्ये एमडी करता येतं. 2009 मध्ये ही स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाली. कॅज्युअल्टीत एक गोष्ट पाहण्यासारखी असते. रुग्णाचं हृदय बंद पडलं की पाच-सहा जण कामाला लागतात, आणि त्यांचा म्होरक्या शक्यतो रुग्णाला हात लावत नाही. तो पलंगाच्या पायथ्याशी राहून मॉनिटर बघतो, वेळ मोजतो, कोणी काय करायचं ते सांगतो. पलंग खाली घेतला तर हे काम व्हीलचेअरवरून होण्यासारखं आहे. तिथवर पोचण्याआधी हाताची कामं शिकावी लागतात, ती टळत नाहीत.

डॉक्टरकीशिवायचा रस्ता पॅरामेडिकचा. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय नावानिशी आला आहे. 108 च्या गाडीवर डॉक्टर असल्यानं आपल्याकडे पॅरामेडिकला काम मिळतं ते मुख्यतः खासगी रुग्णालयांत, कारखान्यांच्या आरोग्य केंद्रांत आणि मोठ्या कार्यक्रमांच्या वैद्यकीय पथकांत. इथे सावध राहा. एसटी स्टँडसमोर दुसऱ्या मजल्यावर 'पॅरामेडिकल कॉलेज'चा फ्लेक्स लावून 'शंभर टक्के नोकरी' देणारे कमी नाहीत. विद्यापीठ कोणतं, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत, या तीन प्रश्नांवर बहुतेकांची बोबडी वळते. आणि दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल, तर दिव्यांग विद्यार्थ्याचा विचार तिथे कितपत झालाय ते पायऱ्या मोजतानाच कळतं!

नियंत्रण कक्षाबद्दल मुद्दाम थोडं जास्त लिहितो, कारण याला लोक 'टेलिफोन ऑपरेटरची नोकरी' म्हणून नाक मुरडतात. राज्यभरातले 108 चे कॉल पुण्यात औंधच्या केंद्रात येतात. घाबरलेला माणूस पत्ता सांगतो तो "मारुतीच्या देवळापासून आत" असा. गाव कोणतं, तालुका कोणता, हे त्याच्याकडून काढायचं. मग तो म्हणतो, "श्वास चालूय, घरघर येतेय." थांबून थांबून येणारी ती घरघर हा श्वास नसतो; बऱ्याचदा हृदय बंद पडल्याची ती खूण असते. ज्याला हे फोनवर ओळखता येतं आणि जो पुढची सात-आठ मिनिटं "एक, दोन, तीन, चार" मोजत त्या माणसाकडून छाती दाबून घेऊ शकतो, तो गाडी पोचायच्या आधीच उपचार सुरू करतो. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत डॉ. जेफ क्लॉसन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस अशा फोनवरच्या सूचनांची पद्धतशीर प्रश्नकार्डं तयार केली, तेव्हापासून याचं शास्त्र झालं आहे. कंबरेखाली ताकद नसलेल्या, पण डोकं थंड आणि आवाज खणखणीत असलेल्या मुलीला हे काम छान जमेल. फक्त एखादी संस्था प्रत्येक दिव्यांग उमेदवाराला न तपासताच "तुम्ही कंट्रोल रूममध्ये बसा" म्हणत असेल, तर ती सोय आपली नसून तिची स्वतःची आहे, हे ओळखा.

राहता राहिला अर्ज. त्यात अपंगत्व लपवू नका. लपवून प्रवेश मिळाला तर पुढे सवलत मागायची पंचाईत होते, आणि लेखी परीक्षेतला तासाला 20 मिनिटांचा जादा वेळही हातचा जातो. अर्जासोबत एक पानाचं पत्र जोडा: काय करता येतं, कशासाठी कोणती सोय लागेल, उदाहरणार्थ उंची बदलणारी खाट, बसायला स्टूल, तळमजल्यावरची लॅब. कायद्यात गरजेनुसार वाजवी सोय देण्याची तरतूद आहे, त्यामुळे हे पत्र विनवणीच्या सुरात लिहू नका. मुलाखतीत "जिने चढता येतात का?" असं विचारलं, तर वडिलांनी घसा खाकरू नये, उत्तर मुलगीच देईल. प्रवेश नाकारलाच, तर नकार कारणासह लेखी मागा. तोंडी नकारावर पुढे काहीच करता येत नाही. लेखी असला तर तो घेऊन पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात जाता येतं, आणि पुष्कळदा नुसतं "लेखी द्या" म्हटल्यावरच प्राचार्यांच्या केबिनमध्ये पुन्हा बोलावणं येतं.