सुईबरोबर सोबत

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२; तीत २:३-५



यापो येथील टबीथा मरण पावली तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिने केलेली वस्त्रे दाखवली. हा भाग आपण बहुधा दानधर्माचा धडा म्हणून वाचतो. पण लूक एक बारीक गोष्ट नोंदवतो. ही वस्त्रे टबीथाने त्या विधवांमध्ये असताना केली होती. लांबून पाठवली नव्हती. हा धडा मला युरोपातील रोमा स्त्रियांच्या कामाविषयी वाचताना नव्याने उमगला.

रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले. त्यांच्या भाषेत आजही पाणी, नाक, कान हे शब्द आहेत. आजच्या रोमानियातील प्रदेशांत ते १८५६ पर्यंत गुलाम होते. नाझींनी त्यांची लाखो माणसे मारली. झेक प्रजासत्ताकात रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळांत घातले जाई. २००७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. तेथील अनेक रोमा स्त्रियांची योग्य संमतीशिवाय नसबंदी झाली. त्यांना भरपाई देणारा कायदा २०२१ मध्ये झाला.

अशा घरातील मुलीने शाळेवर किंवा दवाखान्यावर विश्वास का ठेवावा? परक्याने येऊन "शिक, पुढे जा" म्हटले तर ती कशी उठेल?

रोमानियात यावर एक वाट निघाली. रोमा वस्तीतल्याच स्त्रियांना आरोग्य मध्यस्थ म्हणून तयार करण्यात आले. २००२ पासून हे काम सरकारी व्यवस्थेत आहे. ही बाई घरोघर जाते, गरोदर मुलीला डॉक्टरकडे नेते, लसीकरण व कागदपत्रे समजावते आणि डॉक्टरलाही वस्तीची अडचण सांगते. तिला कौशल्य मिळते, पगार मिळतो. शेजारची मुलगी तिला रोज पाहते आणि आपल्यालाही हे जमेल असे तिला वाटू लागते.

हे वाचताना मला माझी चूक आठवली. काही वर्षांपूर्वी पालघर जिल्ह्यातील एका पाड्यावर आम्ही वारली मुलींसाठी तीन महिन्यांचा शिवणवर्ग घेतला. प्रमाणपत्रे दिली, फोटो काढले, मशीन दिले. सहा महिन्यांनी गेले तर मशीन कोपऱ्यात, वर भाताचे पोते. मुलगी खाली पाहत म्हणाली, "ताई, दोरा सारखा तुटत होता. कुणाला विचारणार?"

मी गप्प झाले. वर्ग संपताच आम्ही निघून आलो होतो. तिला सुई मिळाली होती, सोबत मिळाली नव्हती.

पौल तीताला लिहितो की वडील स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावे. ही जबाबदारी त्याने त्याच मंडळीतल्या स्त्रियांवर सोपवली. यातून मी तीन गोष्टी शिकले.

१. मार्गदर्शक शक्यतो त्याच वस्तीतील असावी. तिला घरची भाषा आणि घरची भीती, दोन्ही ठाऊक असतात.

२. कौशल्याचा वर्ग संपला तरी सोबत संपू नये. पहिली चूक, पहिले गिऱ्हाईक, घरच्यांचा पहिला विरोध हे सारे वर्गानंतरच येते.

३. शिकणारीला उद्या शिकवणारी म्हणून पाहावे. नाहीतर आपण तिला कायम घेणारीच ठेवतो.

आम्ही नंतर त्या पाड्यावर चांगले शिवणाऱ्या एका मावशींना विनंती केली. दर बुधवारी मुली त्यांच्या ओटीवर बसू लागल्या. पोते खाली उतरले. सगळ्या मुली टिकल्या नाहीत, पण दोघी आज गणवेश शिवतात.

मनन व चर्चा : आपण देणगी देतो तेव्हा वस्तूसाठी देतो की सोबतीसाठीही? आपल्या मंडळीतील कोणत्या तरुणीला आपला वेळ हवा आहे?

प्रार्थना : हे प्रभू, तू आमच्यात येऊन राहिलास. आम्हालाही थांबायला शिकव. आमेन.