दार बदलायचं की दुरुस्त करायचं? (परिसर अभ्यास, इयत्ता चौथी – पूरक पाठ)



चौथीच्या परिसर अभ्यास भाग २ मध्ये शिवछत्रपतींचा इतिहास आहे. पन्हाळ्याचा वेढा शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, "बाई, गडावर आता कोण राहतं?" मी सांगते, "माझी मावशी राहते." पोरं हसतात, पण ते खरंच आहे. पन्हाळा हा वस्तीचा गड आहे. तिथं नगरपरिषद आहे, दुकानं आहेत, पिढ्यान् पिढ्या राहणारी कुटुंबं आहेत. ११ जुलै २०२५ ला जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांमध्ये पन्हाळाही आहे.

याच मावशीच्या घराचं पुढचं दार कुजलं आणि त्यातून मला हा पाठ मिळाला.

घडलं काय?

कौलारू, जुनं घर. सागवानी दोन फळ्यांचं दार. त्याला बिजागरी नाहीच. फळीच्या कडेला वर-खाली लाकडी टोकं ठेवलेली, ती चौकटीच्या खोबणीत फिरतात. पावसाचे सपकारे खाऊन दाराचा खालचा भाग भुसभुशीत झाला होता. काकांनी ठरवलं, लोखंडी दार बसवून टाकू, कटकट नको. तेवढ्यात शेजारी म्हणाले, "आधी विचारा. गडावर असं परस्पर करता येत नाही."

इथं नियम समजून घेऊ. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग 'प्रतिबंधित' आणि त्यापुढचा २०० मीटरचा भाग 'विनियमित' असतो. प्रतिबंधित भागात नवं बांधकाम करता येत नाही. पण १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. म्हणजे दुरुस्तीची वाट बंद नाही, विचारून जावं लागतं एवढंच.

आता खरी अडचण. घर अजून काकांच्या आजोबांच्या नावावर! कागद जमवेपर्यंत पाऊस आला. तो सगळा पावसाळा दाराला प्लॅस्टिकचा कागद बांधून काढला. मावशी वैतागून म्हणाली, "गड जगाचा झाला, चांगलंच झालं. पण दार माझं हाय का न्हाई?"

हा प्रश्न मी जसाच्या तसा वर्गात विचारला.

मुलं काय म्हणाली?

वर्गाचे दोन गट केले. एक म्हणाला, "घर त्यांचं, दार त्यांचं." दुसरा म्हणाला, "सगळ्यांनी लोखंडी दारं बसवली तर गड गडासारखा दिसणार कसा?" मग मी त्यांना पन्हाळ्याच्याच दोन दरवाजांची गोष्ट सांगितली. तीन दरवाजा आजही उभा आहे. सहलीत आपण त्याला हात लावून बघतो. चार दरवाजा मात्र १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी पाडला. मी म्हटलं, "दोन्हींचं चित्र काढा." तीन दरवाजा सगळ्यांनी काढला. चार दरवाजाचा कागद कोराच राहिला. एक मुलगी म्हणाली, "बाई, नुसतं नाव राहिलंय."

मात्र मावशीचं म्हणणंही खोटं नाही. राहणाऱ्या माणसाला ओल आणि वारा सोसावा लागतो. म्हणून नियम पाळताना त्याची अडचणही ऐकली गेली पाहिजे. मुलांना दोन्ही बाजू दिसू द्याव्यात. उत्तर लगेच मिळालं नाही तरी चालेल.

शेवटी दाराचं काय झालं?

परवानगी आल्यावर सुतारमामांना बोलावलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत दार टोकरून पाहिलं आणि म्हणाले, "वरचं लाकूड दगडासारखं हाय. खालचा वीतभर भाग तेवढा गेलाय." कुजलेला तेवढाच भाग कापला. वाळलेल्या सागवानाचा तुकडा खोबणीत बसवला आणि लाकडी खुंट्या ठोकल्या. जुनी कडी, कोयंडा तोच. जाड रंगाखाली ओल अडकते, म्हणून रंगाऐवजी जवसाचं तेल दिलं. पाणी उंबऱ्याशी साचत होतं, म्हणून पायरीला बाहेरच्या बाजूला उतार दिला. हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. कारण काढलं नाही तर नवं दारही तिथंच कुजणार.

वर्गात काय घ्याल?

१. गणित : घराच्या दाराची उंची, रुंदी आणि उंबऱ्याची जाडी मोजून तक्ता करा.
२. भाषा : आजी-आजोबांना विचारून दाराच्या भागांची नावं लिहा. उदा. चौकट, उंबरा, कवाड, कडी, कोयंडा, अडसर, गणेशपट्टी. 'उंबरे झिजवणे' हा वाक्प्रचार इथं आपोआप समजतो.
३. विज्ञान : दार वरून कुजतं की खालून? का? निरीक्षण करून सांगा.
४. चित्रकला : गल्लीतल्या सगळ्यात जुन्या दाराचं चित्र काढा, पण घरच्यांना विचारूनच.

पालकांना विनंती

आपलं मलकापूर हे विशाळगड जहागिरीचं जुनं ठाणं. जुन्या घरांची दारं इथंही आहेत. पण आपल्या साध्या घरांच्या दारांना पन्हाळ्यासारखा नियम आडवा येत नाही. सकाळी दार काढलं की संध्याकाळपर्यंत ते जळणात नाहीतर भंगारात जातं, कुणी विचारत नाही. घर बांधायला काढलंत तर जरूर बांधा, सोय हवीच. फक्त दार काढण्याआधी एकदा सुताराला दाखवा, आणि काढावंच लागलं तर मुलांना त्याचं चित्र तरी काढू द्या.

आपल्या गावात असा पाठ घेतलात तर मुलांनी गोळा केलेले शब्द नक्की कळवा. माझ्या वर्गाच्या यादीत त्यांची भर घालीन.